मोटारसायकलच्या मीटरची किरकिर : कारणे, निदान व वंगण देण्याची योग्य रीत

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मोटारसायकल हे आता शेतीच्या अवजारांइतकेच नित्याच्या उपयोगाचे साधन झाले आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजनेस आरंभ झाला, त्या काळी गावोगाव फिरणारा ग्रामसेवक पायी किंवा सायकलीवर जात असे. आज तेच काम करणारा कार्यकर्ता मोटारसायकलवरून एका दिवसात चार-पाच गावे करतो. शेतकरीही दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप, बाजाराची पिशवी हे सर्व तिच्यावरूनच नेतो. जे साधन रोज राबते त्याची निगाही रोजच्या कामाइतक्याच आस्थेने राखावी लागते.

परंतु निगा राखण्याच्या बाबतीत सर्वच भागांकडे सारखे लक्ष दिले जात नाही. इंजिनाचे तेल, साखळी, ब्रेक यांची आठवण राहते. वेग व अंतर दाखविणारे स्पीडोमीटर, ज्याला आपण साधेपणाने मीटर म्हणतो, ते मात्र बंद पडेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. ते बंद पडण्याआधी बहुधा आवाज करू लागते. आरंभी अधूनमधून चिरचिर होते, पुढे वेगाबरोबर वाढणारी किरकिर सुरू होते, आणि काटा एका जागी न राहता थरथरू लागतो. ‘गाडी चालते आहे ना, मग मीटर ओरडले तर ओरडू द्या,’ असे म्हणून ही गोष्ट सोडून दिली जाते. वास्तविक तो आवाज म्हणजे आतील वंगण आटल्याचा इशारा होय. तो वेळीच ऐकला तर अर्ध्या तासाच्या कामात मीटर सुधारते. न ऐकला तर तार तुटते, किंवा मीटरच्या डबीतील भाग झिजून संपूर्ण मीटर बदलावे लागते.

हे काम शेतकऱ्याला किंवा कार्यकर्त्याला घरच्या घरी करता येण्याजोगे आहे. त्यात एकच तत्त्व ध्यानात ठेवावयाचे : वंगण थोडे असावे, योग्य जातीचे असावे आणि योग्य जागीच असावे. अति वंगण दिल्याने मीटर सुधारण्याऐवजी कायमचे बिघडते, याचा खुलासा पुढे केला आहे.

मीटर बंद राहिल्याने काय बिघडते?

पहिली गोष्ट जीविताची आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा भाग आहे. अशा रुंद व गुळगुळीत रस्त्यावर वेगाचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. खेड्यातल्या खडबडीत वाटेवर ताशी ४० किलोमीटरचा वेगही फार वाटतो, तर महामार्गावर ६० चा वेगसुद्धा संथ भासतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. उसाच्या हंगामात पाठीमागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अंधारातून एकाएकी समोर येते, तेव्हा या सतरा मीटरांचा हिशेब मोलाचा ठरतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यासाठी ब्रेकला चौपट शक्ती जिरवावी लागते. म्हणूनच वेग अंदाजाने ठरवू नये, काट्यावर पाहावा.

दुसरी गोष्ट निगेची. इंजिनाचे तेल केव्हा बदलावयाचे, साखळी केव्हा ताणावयाची, हे गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरमध्ये दिलेले असते. मीटर बंद असेल तर हा हिशेब चुकतो व तेल वेळेवर बदलले जात नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती चालते हेही समजत नाही, आणि इंजिनातील दोष लवकर लक्षात येत नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या नोंदीची. ज्या कार्यकर्त्यांना दौऱ्याची नोंद ठेवावी लागते, त्यांची नोंद मीटरच्या आकड्यांवरच आधारलेली असते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ हा वाहनावर वेगदर्शक मीटर असण्याविषयीच आहे. तेव्हा मीटर चालू स्थितीत ठेवणे हे वाहनधारकाचे कर्तव्यही ठरते.

मीटर चालते कसे?

दोष समजण्यासाठी रचना समजली पाहिजे. तारेवर चालणाऱ्या मीटरचे तीन भाग असतात.

पहिला भाग पुढच्या चाकाच्या ड्रमजवळ असतो. तेथे चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी चाक आणि त्यात अडकलेली एक लहान दातेरी कांडी असते. चाक फिरले की ही कांडी फिरते.

दुसरा भाग म्हणजे केबल. बाहेर न फिरणारी नळी आणि तिच्या आत फिरणारी पोलादी तार, अशी तिची रचना असते. ही आतील तार एकसंध नसते. बारीक तारांचे अनेक थर एकावर एक, आलटून पालटून उलट दिशांनी गुंडाळून ती तयार करतात. त्यामुळे ती वाकलेल्या नळीतूनही फिरू शकते. तिची टोके बहुधा चौकोनी किंवा चपटी केलेली असतात, म्हणजे ती आपापल्या खाचेत पक्की बसतात.

तिसरा भाग म्हणजे हँडलजवळील मीटरची डबी. तारेचे वरचे टोक डबीतील एका लहान आसाला फिरविते. त्या आसावर एक चुंबक बसविलेले असते आणि चुंबकाभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. चुंबक फिरू लागले की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात व त्यांच्या ओढीने वाटीही त्याच दिशेने वळू पाहते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. वेग जितका अधिक तितकी ओढ अधिक, व तितका वाटीला जोडलेला काटा पुढे सरकतो. जर्मनीत ऑटो शुल्झ यांनी १९०२ साली या तत्त्वावरील मीटरचे पेटंट घेतले आणि आजवर कोट्यवधी वाहनांवर हीच रचना वापरली गेली. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. त्याच आसापासून निघालेल्या लहान दातेरी चाकांवर ते फिरतात.

ही सर्व हालचाल किती होते याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या मोटारसायकलचे अठरा इंची चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. लातूर ते नांदेड हे अंतर सुमारे १४० किलोमीटर धरले तर एका फेरीत चाक सत्तर हजारांहून अधिक वेळा फिरते. बहुतेक गाड्यांत केबलची तार चाकापेक्षाही जलद फिरते. म्हणजे नळीच्या आत पोलादावर पोलाद एवढ्या वेळा घासले जाते. तेथे वंगण नसेल तर आवाज न होईल तरच नवल.

आपल्या भागात वंगण का आटते?

मराठवाड्याच्या हवामानात याची तीन कारणे दिसतात. उन्हाळ्यात नांदेड-लातूरकडे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या केबलमधील ग्रीसचे तेल सुटून खाली उतरते व मागे कोरडा साका राहतो. दुसरे कारण धुळीचे. काळ्या रानातील गाडीवाटेची बारीक माती सैल झालेल्या नटातून व फाटलेल्या रबरी टोपीतून आत शिरते आणि उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून घासणीच्या कागदासारखे काम करते. तिसरे कारण पाण्याचे. पावसाळ्यात चिखलाच्या ओढ्यातून गाडी काढली, किंवा जोराच्या फवाऱ्याने पुढचे चाक धुतले, की पाणी ड्रमजवळील दात्यांपर्यंत पोहोचते व गंज धरतो.

याखेरीज केबलची मांडणी चुकलेली असल्यासही आवाज होतो. हँडल बदलल्यावर किंवा पुढचे चाक काढून बसविल्यावर केबल तिच्या कडीतून न घेता कशीही ओढली जाते. मग तिला एके ठिकाणी तीव्र वळण बसते व त्या जागी तार नळीला सतत घासते. केबलचे वळण मोठे व गोलाकार असावे. बांगडीएवढे लहान वळण कोठेही नसावे.

आवाज कोठून येतो ते कसे ओळखावे?

तेल हातात घेण्यापूर्वी दोषाची जागा निश्चित करावी. आवाजाच्या जातीवरून बरेच समजते.

(अ) वेगाबरोबर वाढणारी किरकिर आणि काट्याची थरथर ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर केबलची तार कोरडी आहे असे समजावे.

(आ) काटा ठरावीक अंतराने झटके देत असेल तर तारेस कोठेतरी मुरड पडली असण्याचा संभव अधिक.

(इ) शिट्टीसारखा बारीक, तीव्र आवाज हँडलजवळून येत असेल, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी तो अधिक जाणवत असेल, तर डबीतील आसाची बुशी कोरडी आहे.

(ई) घरघर खालून, चाकाजवळून येत असेल तर ड्रममधील दाते पाहावेत. हा आवाज चाकाच्या बेअरिंगचा किंवा ब्रेकचाही असू शकतो.

खात्री करून घेण्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे. चाक हाताने पुढच्या दिशेने जोरात फिरवून आवाज ऐकावा. नंतर केबलचा वरचा नट सोडवून केबल डबीपासून अलग करावी व चाक पुन्हा फिरवावे. आवाज थांबला तर दोष डबीत आहे. आवाज तसाच राहिला तर खालचा नट किंवा स्क्रू सोडवून केबल चाकापासूनही काढावी व पुन्हा चाक फिरवावे. आता आवाज थांबला तर दोष केबलचा, अन्यथा तो चाकाजवळचा असे अनुमान काढावे. हाताने फिरविल्यावर आवाज येत नसेल तर केबल काढलेल्या स्थितीत रहदारी नसलेल्या वाटेवर थोडे अंतर हळू चालवून पाहावे. केबल केवळ वरच्या बाजूने सोडलेली असताना मात्र गाडी चालवू नये. मोकळे फिरणारे टोक कपड्यात किंवा हँडलमध्ये अडकू शकते.

लागणारे साहित्य

नटाच्या मापाचा पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, स्वच्छ सुती चिंध्या, जुने वर्तमानपत्र, एका पसरट भांड्यात थोडे डिझेल (किंवा मिळत असल्यास रॉकेल), चांगल्या प्रतीचे लिथियम ग्रीस व शिलाई मशीनच्या तेलाची लहान बाटली. एवढे साहित्य पुरेसे आहे. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ लगेच पेट घेते, आणि घराच्या ओसरीत अशी कामे करताना शेजारीच चूल किंवा विडी असणे अशक्य नसते.

केबलला वंगण देण्याची कृती

१. प्रथम केबल कोठून कशी गेली आहे ते नीट पाहून ठेवावे. कडी, क्लिप व वळणे यांची खूण मनात ठेवावी. मोबाइल असल्यास छायाचित्र काढून ठेवणे उत्तम.

२. डबीखालील नट सोडवावा. काही गाड्यांत तेथे हात पोहोचण्यासाठी पुढचा दिवा सैल करावा लागतो. नट हाताने सुटत नसेल तर पकडीत चिंधी धरून हलकेच फिरवावा, म्हणजे त्याचे दाते खराब होणार नाहीत.

३. चाकाजवळील टोक सोडवावे व संपूर्ण केबल बाहेर काढावी. दोन्ही टोकांना तार नळीबाहेर किती डोकावते ते मोजून ठेवावे.

४. आतील तार ओढून काढावी. ती बहुधा एकाच बाजूने निघते, कारण दुसऱ्या टोकाला अडविणारा वायसर किंवा कडी असते. ज्या बाजूने ती सहज येते त्याच बाजूने काढावी, बळजोरी करू नये.

५. तार डिझेलमध्ये बुडवून चिंधीने पुसावी. जुने काळे ग्रीस व माती पूर्ण निघेपर्यंत हे करावे. नळीतही थोडे डिझेल घालून ती उभी टांगावी व खालून स्वच्छ डिझेल येऊ लागेपर्यंत धुवावी. नंतर नळी व तार दोन्ही पूर्ण वाळू द्यावीत.

६. तार तपासावी. सपाट फरशीवर किंवा पाटावर ती ठेवून एका टोकाने बोटांमध्ये गोल फिरवावी. सरळ तार एकसारखी फिरते. मुरडलेली तार उडी मारते. बारीक तारांपैकी एखादी तुटून वर आली असेल, किंवा चौकोनी टोकाच्या कडा गोल झाल्या असतील, तर वंगणावर खर्च न करता नवीन केबल घ्यावी. ती त्याच गाडीच्या नमुन्याची व त्याच लांबीची असावी.

७. बोटांवर थोडे ग्रीस घेऊन तारेवर पातळ थर द्यावा. तार ओली दिसावी, पण ग्रीसचे गोळे दिसू नयेत. मीटरकडील वरची एक वीत मात्र कोरडीच ठेवावी. ही या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

८. तार हळूहळू फिरवीत नळीत परत घालावी. बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकावे. दोन्ही टोके पूर्वीइतकीच डोकावतात याची खात्री करावी.

९. केबल तिच्या मूळ वाटेने, कड्यांतून घेऊन बसवावी. टोक खाचेत बसत नसेल तर चाक सावकाश फिरवावे, म्हणजे ते आपोआप आपल्या जागी जाते. टोक नीट बसण्यापूर्वी नट आवळला तर ते वाकते व पुढे तुटते. नट हातानेच घट्ट करावा.

१०. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून केबल कोठे ताणली किंवा दबली जात नाही ना, ते पाहावे. चाक फिरवून काटा हलतो का व आवाज गेला का, ते तपासावे.

काही केबलींतील तार निघू शकत नाही. अशा वेळी केबल उभी टांगून वरच्या टोकातून शिलाई मशीनचे तेल थेंब थेंब सोडावे व तार बोटांनी फिरवीत राहावे. तेल खालून दिसू लागले की थांबावे. केबल रात्रभर तशीच टांगून ठेवून जादा तेल निथळून गेल्यावर सकाळी वरचे टोक पुसून ती बसवावी.

वरची एक वीत कोरडी का ठेवावयाची?

तारेवर गुंडाळलेले थर मळसूत्राप्रमाणे असतात. फिरणारी तार जादा ग्रीस हळूहळू वर चढविते. ते डबीत शिरले की चुंबक व वाटी यांमधील बारीक फटीत जाऊन बसते. मग वाटी चुंबकाच्या ओढीने नव्हे तर चिकट ग्रीसच्या ओढीने फिरते. काटा भलताच वेग दाखवू लागतो, किंवा एका जागी अडकून राहतो. तबकडीवर तेलाचे डागही पडतात. डबीच्या कडा दाबून बंद केलेल्या असल्याने ती उघडून साफ करणे घरी शक्य नसते. किरकिर घालविण्यासाठी भरलेले ओंजळभर ग्रीस अशा रीतीने मीटरचाच घात करते. वर चढण्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवली म्हणजे हा धोका राहत नाही.

डबीतील आवाजावर उपाय

दोष डबीत असल्याचे निश्चित झाले तर केबल काढून डबीखालच्या खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. शक्य असल्यास डबी गाडीवरून काढून उलटी धरावी, म्हणजे थेंब आसाच्या बुशीपर्यंत उतरतो. पाच-दहा मिनिटे थांबून जुन्या तारेचा एक तुकडा खाचेत घालावा आणि बोटांनी हलकेच फिरवावा. आस मोकळा फिरू लागला की जादा तेल चिंधीने टिपून घ्यावे व मगच डबी सरळ करावी. एका थेंबाने भागले नाही तर आणखी एक द्यावा, त्याहून अधिक देऊ नये. एवढे करूनही शिट्टी राहिली तर बुशी झिजली आहे असे समजून मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावे.

चाकाजवळील दात्यांबाबत खबरदारी

पुढच्या चाकाजवळील दात्यांना थोडे ग्रीस लागते, परंतु बहुतेक गाड्यांत हे दाते ब्रेकच्या पाटीतच बसविलेले असतात. तेथे हात सैल सोडून ग्रीस भरले तर ते ब्रेकच्या लायनरवर येते आणि ब्रेक लागेनासा होतो. मीटरचा आवाज घालविताना ब्रेक गमावणे हा सौदा प्राणाशी गाठ घालणारा आहे. म्हणून ज्यांना चाक काढण्याचा सराव नाही त्यांनी हे काम मेकॅनिककडूनच करवून घ्यावे. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीवर डिस्कजवळ तेलाचा फवारा मुळीच मारू नये. केबल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दात्यांचा भाग अडकत आहे असे समजावे. तो दुरुस्त केल्याविना नवी केबल टिकत नाही.

कोणते तेल वापरू नये?

घरात हाताशी असलेले तेल वापरण्याची सवय आपल्याकडे आहे. लातूर व नांदेडच्या रानांत करडई पूर्वापार पेरली जाते आणि तिचे तेल पुष्कळ घरांत असते. खाण्यास ते उत्तम. परंतु हवेशी संयोग होऊन ते वाळते व चिकट पापुद्रा धरते. याच गुणामुळे ते रंग व वार्निशात वापरले जाते. मीटरच्या बुशीत ते घातले तर आरंभी आवाज थांबतो, पण काही दिवसांनी आस जखडतो. खोबरेल तेल थंडीत गोठते. इंजिनातून काढलेले जळके तेल काजळी व धातूच्या कणांनी भरलेले असते. ते वंगण नसून झीज वाढविणारे द्रव्य आहे. गंज सोडविण्याचे फवारे साफसफाईस उपयोगी पडतात, परंतु त्यांचा थर लवकर उडून जातो. त्यांवर विसंबू नये.

ट्रॅक्टरचे मीटर

तारेवर चालणारे मीटर अनेक जुन्या ट्रॅक्टरांवरही असते. ते इंजिनाचे फेरे व कामाचे तास दाखविते. त्याच्या केबलची निगाही वर सांगितल्याप्रमाणेच राखावी. तासांचा आकडा बंद पडला तर तेल बदलण्याची वेळ कळत नाही. फेऱ्यांचा काटा बंद पडला तर मागच्या शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या कोणत्या गतीवर मिळतात, याची खूण निरुपयोगी होते. बियाण्यासाठी सोयाबीनची मळणी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्र प्रमाणाबाहेर वेगाने फिरले तर दाण्यास बाहेरून न दिसणारी इजा होते व पुढच्या मृगात उगवण कमी होते. किरकिरणाऱ्या एका केबलकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने पेरणीपर्यंत जाऊन पोहोचू शकते.

निगेचे वेळापत्रक

वर्षातून दोन वेळा लक्ष दिल्यास पुरे. पहिली वेळ मृग नक्षत्रापूर्वी : केबल धुऊन ग्रीस द्यावे, फाटलेल्या रबरी टोप्या बदलाव्यात. दुसरी वेळ खरिपाची रास झाल्यावर : पावसाळ्यात पाणी शिरले किंवा कसे ते पाहावे व गंज असल्यास साफ करावा. ज्यांची गाडी नित्य धुळीच्या वाटेने जाते त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आणखी एकदा तपासणी करावी. प्रत्येक वेळी मीटरवरील आकडा व तारीख एका वहीत लिहून ठेवावी.

शंका-समाधान

शंका : मीटरचा आवाज नको म्हणून केबलच काढून ठेवली तर चालेल काय?
समाधान : नाही. आवाज जाईल, पण वेग, अंतर व तेलबदलाचा हिशेब ही तिन्ही साधने जातील. शिवाय ड्रमचे उघडे राहिलेले भोक पाणी व माती आत घेते.

शंका : ग्रीस दिल्यावरही काटा थरथरतो, काय करावे?
समाधान : तारेची मुरड व केबलचे वळण पुन्हा तपासावे. ही दोन्ही ठीक असतील तर तारेचे टोक झिजून खाचेत सैल झाले असेल. तशा वेळी केबल बदलावी.

शंका : नवीन गाडीवर आकड्यांचे मीटर आहे. त्यासही हीच रीत लागू आहे काय?
समाधान : नाही. अनेक नव्या गाड्यांत फिरणारी तार नसते. चाकाजवळील किंवा गिअरजवळील संवेदक विजेच्या तारेने संदेश पाठवितो. तेथे ग्रीस किंवा तेल घालू नये. बिघाड झाल्यास जोडणी व वायर तपासून घ्यावी. मात्र केबल आहे की विजेची तार, हे चाकाजवळ प्रत्यक्ष पाहून ठरवावे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ सांगून न थांबता प्रत्यक्ष करून दाखवावा. बाजाराच्या दिवशी किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात एखाद्या शेतकऱ्याचीच किरकिरणारी गाडी घेऊन दोषाची जागा कशी शोधावी ते प्रथम दाखवावे, कारण पुष्कळ जण निदानाची पायरी वगळून थेट तेल ओततात. एक जुनी कापलेली केबल व निकामी मीटरची उघडलेली डबी जवळ बाळगली तर चुंबक, वाटी व स्प्रिंग यांचे काम शब्दांपेक्षा डोळ्यांना लवकर समजते. गावातील तरुण मुलांना व महिला बचत गटांतील दुचाकी चालविणाऱ्या भगिनींनाही या प्रात्यक्षिकास आवर्जून बोलवावे.

सारांश

मीटरची किरकिर हा दुरुस्तीचा शेवट नसून आरंभाचा इशारा आहे. प्रथम आवाजाची जागा शोधावी. केबल धुऊन, तपासून तिला ग्रीसचा पातळ थर द्यावा. वरची एक वीत कोरडी ठेवावी. डबीत एक थेंब तेल पुरे समजावे. ब्रेकजवळ ग्रीस जाऊ देऊ नये. आणि मृगापूर्वी व राशीनंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी. एवढे पथ्य पाळले तर मीटर वर्षानुवर्षे मुकाट्याने व खरे बोलत राहील.